उशिरा भरणारा गुरुवार

"गेट बंद आहे, मावशी. शाळा भरायच्या आधी उघडायचं नाही असं सांगितलंय," वॉचमन म्हणाला.

माझ्या खांद्यावर पहिलीतली मुलगी होती आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती. श्वास आत जाताना शिट्टी, बाहेर येताना शिट्टी. ओठ जांभळे पडले होते. डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्यामागे आणखी सात पोरं एकमेकांच्या दप्तरांचे पट्टे धरून रांगेत उभी होती. पट्टा सोडलात तर तंगडं मोडीन, असं मी त्यांना घरातून निघतानाच सांगितलं होतं.

"उघड म्हणते ना."

"आत मिटिंग चालूय. मोठ्या बाई मला ओरडतील."

"पोरगी मरतीय. उघड."

त्याने गजांतून वाकून बघितलं. "चक्कर आली का तिला?" असं विचारत तो किल्ली शोधायला लागला. एका खिशात नाही, दुसऱ्या खिशात नाही. गेटाचा खालचा अर्धा भाग पत्र्याचा होता. मी पायातली चप्पल काढली आणि त्या पत्र्यावर हाणायला लागले. माझं बघून सातही पोरांनी आपापल्या पाण्याच्या बाटल्या काढल्या आणि तीही पत्र्यावर हाणायला लागली. तेवढा आवाज त्या शाळेत ना आधी कधी झाला असेल, ना नंतर.

ही पोरं शाळेच्या वेळी शाळेबाहेर आणि माझ्या ताब्यात कशी होती, ते आधी सांगायला हवं.

माझा नवरा रिक्षा चालवायचा. मूळचा लोणी काळभोरचा. शेतीत चार भावांचं भागत नव्हतं म्हणून पुण्यात आला आणि विश्रांतवाडीत राहिला. शहरात इतकी वर्षं काढली तरी त्याच्या बोलण्यातलं 'हाय' काही गेलं नाही. आळंदी रोडच्या आत, एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. मी चौथी शिकलेली. एकच मुलगा, तो लग्न करून वाघोलीला वेगळा राहायला गेला होता. त्याला मी दोष देत नाही. दोन खोल्यांत दोन चुली मांडायला जागा नव्हती.

त्याच सुमारास आमच्या गल्लीच्या मागच्या शेतात इमारती उठायला लागल्या. काल ज्वारी होती तिथे आज पार्किंग. त्या इमारतींत नवीन माणसं आली. कोणी नागपूरची, कोणी अमरावतीची, कोणी यवतमाळची. नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर यायची, हॉर्न द्यायची आणि थांबायची नाही. यांच्या घरात म्हातारी माणसं नव्हती, ती गावाला. शेजार नवा, कोणी कोणाला ओळखत नाही. मग यांच्या पोरांना शाळेत नेणार कोण? रिक्षाकाका. पुण्यात तेव्हा अशी एक रिक्षा प्रत्येक गल्लीत असायची. मागच्या सीटवर चार, त्यांच्या समोर फळी टाकून त्यावर तीन, एक जण काकांच्या बाजूला चिकटून, दप्तरं बाहेर लोंबकळत. आई पोराला फाटकात काकांच्या हातात द्यायची आणि बसकडे पळायची. काकांचं आडनाव विचारलं असतं तर त्यातल्या निम्म्या बायकांना सांगता आलं नसतं.

शाळा इंग्रजी. आमच्या घराच्या मागच्याच रस्त्याला. तिथे नवीन मुख्याध्यापक बाई आल्या. कडक, खळ घातलेल्या सुती साड्या, आवाज हळू आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी एक नवीन पद्धत काढली. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी शाळा दोन तास उशिरा भरायची. त्या दोन तासांत सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसायचं, कोणाच्या वर्गात काय चाललंय ते एकमेकांना सांगायचं, पुढचं ठरवायचं. पालकांना जी सूचना गेली तिच्यात शेवटी लिहिलं होतं, पालकांनी आपापली सोय करावी.

गुरुवारच का, तर आमच्याकडे वीज दुरुस्तीसाठी गुरुवारीच जाते. वीज गेली की कॉम्प्युटरचा तास होत नाही. नाहीतरी वाया जाणारा दिवस तो हाच, असा हिशोब. हिशोब बरोबर होता. कंपनीची बस तेवढी त्या हिशोबात नव्हती.

पालक भेटायला गेले. "आम्ही दोन तास मुलांना ठेवायचं कुठे?" एका बापाने विचारलं.

मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "जन्म दिलात तेव्हा काही ठरवलं असेलच."

झालं. बाप घरी आले आणि आयांनी रिक्षाकाकांना गाठलं. काका, तुम्हीच बघा. काकांना नाही म्हणता यायचं नाही, हा त्या माणसाचा जन्माचा रोग. संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाला, "अगं, येत्या गुरुवारी पोरं जरा आपल्याकडं हायेत."

"कोणाची पोरं?"

"रिक्षातली."

"किती?"

"रिक्षात मावत्यात तेवढी."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पहिल्या गुरुवारी पोरं आली, चपला दारात काढल्या आणि भिंतीला टेकून ओळीत बसली, दवाखान्यात बसतात तशी. मीही त्यांच्याकडे बघत बसले. पोरांशी काय बोलायचं ते मी विसरले होते. शेवटी एकाने विचारलं, "काकू, तुमच्याकडे टीव्ही आहे?"

"आहे. लाईट नाही."

"मग काय करायचं?"

"बसायचं."

ती अर्धा तास बसली. मग उठली, आणि त्यानंतर त्यांना पुन्हा बसवणं मला कधी जमलं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून घर त्यांचंच झालं. डबे तिथेच उघडायचे. नागपूरवालीच्या डब्यातला बटाटा भरलेला आलूपोंगा पुणेवाला खायचा, पुणेवाल्याची गुळपोळी यवतमाळवाला. शाळेत पोचेपर्यंत डबे रिकामे. मग मी पोळ्या लाटून भरून द्यायची, कारण दुपारी उपाशी राहिली असती आणि नाव माझं झालं असतं. कॉटखाली माझी ट्रंक होती, तिचा त्यांनी फळा केला. खडू कुठून आणायचे ते मी विचारलं नाही. माझा मांजरपाटाचा जुना परकर कोणीतरी राजाचा झगा म्हणून घालायचं. मी ओरडायची. माझ्या ओरडण्याला ती भीत नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्यांचा सगळ्यात आवडता खेळ होता मिटिंग-मिटिंग. शाळेत बंद दाराआड बाई काय करतात, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"बाई झोपतात," एक म्हणायचा.

"नाही रे, त्या वडापाव खातात. मला वास आला होता."

"त्या आपली चुगली करतात. गणिताच्या बाई इंग्लिशच्या बाईंना सांगतात, हा मुलगा कसा आहे म्हणून."

"मग इंग्लिशच्या बाई काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, माझ्याकडे पण तस्साच आहे."

मग सगळी गोल करून बसायची, मांडीवर वह्या घ्यायची आणि एकदम बोलायला लागायची. कोणीच कोणाचं ऐकायचं नाही. मधेच एकजण गंभीर चेहरा करून म्हणायचा, "आता ह्याला नापास करायचं का?" सगळे हात वर करायचे. मला चहा द्यायला बोलवायचे. "मावशी, सात चहा, विदाउट शुगर." मी रिकाम्या वाट्या ठेवून यायची. एकदा मी म्हटलं, मिटिंगमध्ये मला पण घ्या. तर मोठा मुलगा म्हणाला, "काकू, तुमचं एज्युकेशन काय?" मी म्हटलं, चौथी. त्यांनी आपसांत कुजबुज केली आणि सांगितलं, "तुम्ही चहाच द्या."

ती पहिलीतली मुलगी त्यांच्यात सगळ्यात लहान. अमरावतीकडची. बाप कंपनीने अमेरिकेला पाठवलेला, दर रविवारी त्याचा फोन यायचा. आई एकटीने सगळं ओढत होती. मुलीचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते, त्यामुळे हसली की गुहा दिसायची. खेळात तिला नेहमी नापास व्हायचं काम मिळायचं आणि ती ते मन लावून करायची. नापास झाली की रडायचं नाटक इतकं खरं करायची की शेजारची म्हातारी एकदा बघायला आली होती.

माझा गुरुवारचा उपास असतो. तेव्हाही होता, आजही आहे. घरात मी पोरांसाठी वेगळं आणि माझ्यासाठी वेगळं करत बसणार नव्हते, म्हणून गुरुवारी सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी. खिचडीला दाण्याचं कूट लागतं. आधी मी कूट खलबत्त्यात करायची. मग मुलाने पहिल्या पगारात मिक्सर आणून दिला, आणि खलबत्ता माळ्यावर गेला. वीज साधारण नाश्त्यानंतर जायची, तोवर माझं कूट झालेलं असायचं. त्या दिवशी ती लवकर गेली. दाणे भाजून झाले होते, मिक्सर बंद, खलबत्ता माळ्यावर, आणि नवरा स्टेशनचं भाडं घेऊन गेलेला. तो आला की खलबत्ता काढून देईल, असं म्हणून मी दाणे सुपात ओतले आणि पोरांना कामाला लावलं. दाणे चोळा, सालं काढा. भांडत होती, त्यापेक्षा बरं.

दाणे चोळणं हे काम त्या पोरांनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांना वाटलं, केवढी मजा. चोळायचं आणि फुंकायचं. लाल सालं सगळ्या खोलीभर उडाली. अर्धे दाणे सुपात, अर्धे तोंडात. एका पोराने मूठभर सालं घेऊन त्या मुलीच्या तोंडावर फुंकली. तिच्या केसांत, पापण्यांवर, नाकावर सालं. सगळी हसायला लागली, तीही हसायला लागली, आणि तिच्या तोंडात दाणे होते.

ती खोकली नाही. ओरडली नाही. हसताना उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं आणि आवाज बंद झाला. पोरांना वाटलं, नापास व्हायचं नाटक करतेय. पोरं आणखी हसली.

मला नाटक वाटलं नाही, कारण तिने दोन्ही हातांनी माझं लुगडं धरलं होतं. मी तिला मांडीवर पालथी घातली आणि पाठीत रट्टे दिले. जोरात दिले. माझ्या हाताला त्या वयातही चांगली ताकद होती. चौथ्या की पाचव्या रट्ट्याला तोंडातून लाळ आली आणि लाळेबरोबर अर्धा दाणा जमिनीवर पडला. श्वास परत आला. मला वाटलं, सुटलो. मग ती शिट्टी ऐकू आली, आणि दुसरा अर्धा दाणा कुठे आहे ते मला कळलं.

आमच्या गल्लीतला डॉक्टर तेव्हा अजून आलेला नसायचा. गल्लीत पुरुष माणूस नाही, सगळे कामावर. मुलीला घेऊन रस्त्यावर रिक्षा शोधायला जावं, तर सात पोरं आणि पेटता स्टोव्ह मागे. स्टोव्ह विझवला. पोरांना रांगेत उभं केलं. सगळ्यात जवळ माणसं कुठे असतील, तर शाळेत. म्हणून शाळेत गेले.

चपलेचा आणि बाटल्यांचा आवाज ऐकून हॉलचं दार उघडलं. आत सगळ्या बाई जमिनीवर सतरंजीवर बसल्या होत्या, मधे मोठमोठे रंगीत कागद पसरलेले, एकीच्या हातात कात्री. वडापाव मला दिसला नाही. सगळ्या एकदम उठल्या. पीटीचे सर पळत आले, वॉचमनच्या हातून किल्ल्यांचा जुडगा हिसकावला आणि गेट उघडलं. एका बाईने सातही पोरांना पट्ट्यासकट आत ओढून नेलं. एक ऑफिसात फोनकडे पळाली. मुलीच्या वर्गाच्या बाईंनी तिचं दप्तर माझ्या खांद्यावरून उतरवलं आणि मला ढकलत ढकलत मुख्याध्यापक बाईंच्या गाडीपाशी नेलं. मुख्याध्यापक बाई आधीच गाडीत बसून गाडी चालू करत होत्या. पायात चपला नव्हत्या, चपला हॉलबाहेर राहिल्या होत्या. कोणी कोणाला विचारलं नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही.

मागच्या सीटवर मी आणि वर्गाच्या बाई, मधे मुलगी. बाई कोवळ्या होत्या, पंचविशीच्याही नसतील. आवाज मात्र वर्गात असतो तसा ठेवला होता.

"माझ्याकडे बघ. मी काय रंगाची साडी नेसलेय?"

मुलीच्या छातीतली शिट्टी तेवढी वाजली.

"रडलीस तरी चालेल. नापास नाही करणार मी."

"बाई, तिला बोलायला लावू नका," मी म्हणाले. "आहे तो श्वास बोलण्यात जाईल."

त्या मुलीचा हात धरून बसल्या. येरवड्याच्या चौकात गर्दी. व्हरांड्यात पळालं म्हणून पोरांना अंगठे धरायला लावणाऱ्या मुख्याध्यापक बाईंनी सिग्नल तोडला. पुढे पुलावर समोरून येणाऱ्यांच्या बाजूने गाडी घातली, आणि एका ट्रकवाल्याने त्यांना आईवरून शिवी दिली. त्यांनी काच खाली करून त्याला सांगितलं, "घरी जाऊन आईलाच विचारा." मग काच वर केली. असल्या वेळीही.

स्टेशनजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात मुलीला माझ्या हातातून घेतलं आणि आत नेलं. एक तरुण डॉक्टर बाहेर आला. मला नखशिखांत बघून म्हणाला, "लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देतात का, आजी?"

"आमच्यात दात आले की देतात."

"हिचे पडलेत."

त्याचं खरं होतं. नळी घालून दाणा काढावा लागेल, भूल द्यावी लागेल, आईची सही लागेल, असं त्याने सांगितलं.

आई आली. गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच, पायांत दोन वेगळ्या चपला नव्हत्या इतकंच. एरवी ही बाई पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची, मधे मधे इंग्रजी. तिने सही केली आणि माझ्याकडे वळली.

"काकू, तुम्ही तिले दाणे कायले देले?"

"भूक लागली होती तिला. खिचडी व्हायची होती."

"अन् तुम्ही?" ती मुख्याध्यापक बाईंकडे वळली. "तुमच्या मिटिंगपायी माझी पोरगी..."

मुख्याध्यापक बाई अनवाणी उभ्या होत्या. "गेट बंद ठेवायला मी सांगितलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

मग आम्ही चौघी एका बाकावर बसलो. आई, मुख्याध्यापक बाई, वर्गाच्या बाई आणि मी. बाक तिघांचा होता. कोणी उठलं नाही. बराच वेळ गेला. आईने एकदम विचारलं, "तिच्या बाबाले काय सांगू? तिकडं आत्ता रात्र असेल."

"काही सांगू नका," मी म्हणाले. "आधी कळू दे, सांगायचं काय आहे ते."

हे ऐकून वर्गाच्या बाई रडायला लागल्या, आणि आईने त्यांना स्वतःचा रुमाल दिला. मी तेव्हा मनात म्हटलं, रडायचं कोणी आणि पुसायचं कोणी. आता वाटतं, आईला हाताला काहीतरी काम हवं होतं.

कोणीतरी चहा आणला. उपासाला चहा चालतो, मी प्यायले. माझ्या लुगड्याला अजून दाण्याची सालं चिकटलेली होती. आई ती एकेक करून काढत होती, तिच्या लक्षातही नसावं.

दार उघडलं. तोच डॉक्टर. हातात स्टीलचा छोटा ट्रे, ट्रेमध्ये अर्धा दाणा. भिजून फुगलेला.

"एवढासा," तो म्हणाला. "बरी आहे ती. श्वास मोकळा झाला. शुद्धीवर आली की बघा."

आई उठायला गेली आणि परत बसली.

संध्याकाळी मुलीला बघायला आत सोडलं. घसा बसला होता. माझ्याकडे बघून ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काकू, खिचडी झाली?"

घरी आले तेव्हा नवरा दारात बसला होता. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. "हाय ना पोरगी?" त्याने विचारलं. आहे म्हटल्यावर आत गेला, खलबत्ता माळ्यावरून खाली काढला आणि ओट्यापाशी ठेवला. तो खलबत्ता नंतर वर गेला नाही.

पुढच्या शनिवारी शाळेत पालकांची सभा झाली. मलाही बोलावलं. एक बाप तावातावाने बोलत होता. "यांना गप्पा मारायला दोन तास हवेत, त्यासाठी आमच्या मुलांनी मरायचं का? बंद करा हे." बरेचजण टाळ्या वाजवत होते. मुलीची आई उठली आणि म्हणाली, "काकूंना बोलू द्या. त्या तिथे होत्या."

मी सभेत कधी बोललेली नाही. उभी राहिले आणि जे बघितलं तेवढं सांगितलं. गेट बंद होतं हे खरं. ते उघडायला वेळ गेला हे खरं. पण उघडल्यावर सगळ्या बाई एकदम धावल्या, हेही खरं. रोज त्या दारं लावून चाळीस-चाळीस पोरं घेऊन बसलेल्या असतात. रोजच्या दिवशी मी आले असते तर एकीने दुसरीला हाक मारायची, दुसरीने वर्ग कोणावर सोडायचा ते बघायचं, यात पोरगी गेली असती. त्या दिवशी त्या एका खोलीत होत्या आणि मोकळ्या होत्या. मिटिंग ठेवा. गेट उघडं ठेवा.

खाली बसले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. तो बाप म्हणाला, "हे म्हणजे दोन्हीकडून बोलणं झालं." त्यावर मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "दोन्हीकडून बघितलं की तसंच होतं. बसा."

ठरलं तेही तसंच ठरलं. गुरुवारची मिटिंग राहिली. गेट मात्र नेहमीच्या वेळी उघडायचं, पोरांना हॉलमध्ये बसवायचं, दर वेळी एका बाईने मिटिंग सोडून त्यांच्यापाशी थांबायचं, आणि बाकीच्यांनी वर्गात बसून मिटिंग करायची. सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं.

मग पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रिक्षा आमच्या दारावरून सरळ शाळेकडे गेली. मी साबुदाणा सवयीने जास्त भिजवला होता. नवरा परत आला तेव्हा पातेलं बघून म्हणाला, "तूच बोललीस सभेत. आता खा."

"खाते की," मी म्हणाले. आम्ही दोघांनी ती खिचडी दोन दिवस खाल्ली. ट्रंकेवर खडूने कोणीतरी 'काकू फेल' असं लिहिलेलं होतं. ते मी पुसलं नाही. ट्रंक नंतर कॉटखाली सरकवताना आपोआप पुसलं गेलं.

मला बरंच झालं, असं मी सगळ्यांना सांगायची. घर आवरलेलं राहायचं, परकर जागेवर, वाट्या जागेवर. गुरुवारी वीज जायची आणि घरात पंख्याचाही आवाज नसायचा. शाळेच्या हॉलमधून पोरांचा गोंधळ ऐकू यायचा, मागचा रस्ताच तो. कोण ओरडतंय ते मला आवाजावरून ओळखता यायचं. काही वर्षांनी तेही येईनासं झालं, कारण पोरं बदलली.

मुलीचा बाप परत आला, मग ते सगळेच कुठेतरी परदेशी गेले. त्या मुलीचं लग्न झालं तेव्हा आई पत्रिका द्यायला विश्रांतवाडीत आली होती. गल्ली सापडत नव्हती म्हणून तासभर फिरली म्हणे. आमच्या दोन खोल्या गेल्या, तिथे आता सात मजले आहेत. त्यातल्या दुसऱ्या मजल्यावर मी राहते, मुलगाही वाघोलीहून परत आला. लग्नात ती मुलगी माझ्या पाया पडली आणि नवऱ्याला इंग्रजीत काहीतरी सांगून हसली. दात सगळे जागेवर होते.

मुख्याध्यापक बाई गेल्या. माझा नवरा गेला, रिक्षा त्याच्याआधी भंगारात गेली. वॉचमन गावाला गेला, पुढचं माहीत नाही. वर्गाच्या बाई आता स्वतः कुठल्याशा शाळेत मुख्याध्यापक आहेत असं ऐकलं. ती मुलगी जिवंत आहे. मी जिवंत आहे.